छत्तीस गुणी डबा

मालडब्याची छोटी प्रतिकृती जोडायचं जे किट मिळतं, त्याच्या खोक्यावर रेल्वे कंपनीचं नाव ठसठशीत छापलेलं असतं. रंग असतो, नंबर असतो, कंपनीचं बोधचिन्हही असतं. साल मात्र कुठंच नसतं. आणि मालडब्याचा सगळा खरेखोटेपणा त्या सालातच असतो.

हा नाद मला लागला तो भाच्यामुळे. तो अमेरिकेतून येताना सगळ्यांसाठी बदाम-चॉकलेटं आणतो, माझ्यासाठी मालगाडीच्या डब्यांची किटं. एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. तिथल्या एका फुटाला इथं साडेतीन मिलीमीटर. चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे बाजूला सरकता दरवाजा असलेला बंद डबा, या हिशेबानं चौदा सेंटीमीटरचा होतो. बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर खिडकीला लागून टेबल आहे, त्यावर असे डबे ओळीनं उभे आहेत. ते जोडायला फारशी अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती त्याआधी, हा डबा असाच्या असा कधी रुळावर होता का, हे शोधायला.

कारण किट बनवणाऱ्यांची अडचण साधी आहे. साचा महाग, रंग स्वस्त. एकदा साचा केला की त्याच डब्यावर वीस-पंचवीस रेल्वे कंपन्यांची नावं छापता येतात. त्यातल्या चार-पाच कंपन्यांकडे तो डबा खरंच होता, पाच-सहांकडे त्याच्यासारखा होता, आणि उरलेल्यांनी असला डबा जन्मात विकत घेतला नव्हता. खोक्यावरून यातलं काहीच कळत नाही.

मग आपण पत्रिका मांडून बसायचं. माझी आत्या लग्न जुळवायची. तिचं म्हणणं, ३६ पैकी १८ गुण जुळले की पुढच्या बोलण्याला हरकत नाही, पण नाडीदोष असला तर चहा पिऊन उठायचं. डब्यांच्या बाबतीत मी आत्याच्याच मताचा आहे. उंची, लांबी आणि टोकाच्या भिंती, ही माझ्या लेखी नाडी. बाकीचं निभावून नेता येतं.

उंचीचंच बघा. अमेरिकन रेल्वेमंडळींनी १९३७ साली पोलादी बॉक्सकारचा जो नमुना ठरवला त्याची आतली उंची दहा फूट. पुढे साडेदहा फुटी डबे सररास झाले. फरक सहा इंचांचा, म्हणजे आमच्या मापात पावणेदोन मिलीमीटर. ऐकायला काहीच नाही. पण दोन डबे शेजारी जोडले की छपरांची रेघ तुटते, आणि एकदा ती तुटलेली दिसली की दुसरं काही दिसतच नाही. घरात याचं कौतुक कोणाला नाही. "अहो, दोन्ही डबे तपकिरी, दोन्हींना दरवाजा, आता आणखी काय हवंय?" असं ही विचारते, आणि खालच्या मजल्यावरचे गुजराती स्नेही "चालशे" म्हणून मोकळे होतात. चालशे हा शब्द मला एरवी फार आवडतो. डब्यांपुरता नाही.

टोकाच्या भिंतींची गंमत आणखी वेगळी. पोलादी पत्र्याला ताकद यावी म्हणून त्यात आडव्या घड्या दाबलेल्या असतात, आणि या घड्यांचा नमुना काळाप्रमाणे आणि कारखान्याप्रमाणे बदलत गेला. पुलमन-स्टँडर्ड कंपनीनं १९४७ पासून पीएस-१ नावाचा बॉक्सकार काढला, त्याची टोकंही त्यांची स्वतःची आणि छप्परही. तेव्हा पीएस-१च्या साच्यावर तो कधीच न घेतलेल्या कंपनीचं नाव छापलं, तर जाणकार माणूस दरवाजाकडे बघतसुद्धा नाही. टोक बघतो आणि हळूच डबा खाली ठेवतो.

याहून जुना खेळ म्हणजे पहिल्या महायुद्धातला. अमेरिकेच्या सरकारनं तेव्हा सगळ्या रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या आणि १९१८ साली डब्यांचे ठरावीक आराखडे काढून ते हजारोंच्या संख्येनं बनवून घेतले. त्यातल्या एका बॉक्सकारची लाकडी फळी आत आणि पोलादी सांगाडा बाहेर, तिरप्या आडण्यांसकट उघडा दिसणारा. दुसऱ्याचा सांगाडा आत झाकलेला, बाहेरून नुसत्या उभ्या फळ्या. हे डबे कंपन्यांना वाटून दिले, त्यामुळे या आराखड्याचं किट हाती आलं की जीव भांड्यात पडतो: एक साचा आणि अनेक नावं, हे इथं निदान खरंच घडलेलं आहे. पण थांबा. पुढे कित्येक कंपन्यांनी याच डब्यांची लाकडं काढून पोलादी बाजू बसवल्या. खालचा सांगाडा जुनाच, नव्या बाजू त्याच्याबाहेर थोड्या लोंबणाऱ्या. म्हणजे १९२५ सालची गाडी मांडायची तर फळ्यांचा डबा बरोबर, १९५० ची मांडायची तर आधी त्या कंपनीनं त्याचं काय केलं ते बघा. साल ठरवल्याशिवाय पत्रिका मांडता येत नाही ती अशी.

यासाठी तिकडे एक सोय आहे, आणि तिचा मला हेवा वाटतो. ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर नावाची जाडजूड यादी नियमित निघायची: कुठल्या कंपनीचे कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंतचे डबे, त्यांची आतली लांबी, उंची, दरवाजाची रुंदी, आणि आजमितीला किती शिल्लक. रेल्वेच्या बाबूंनी माल लादायच्या हिशेबासाठी केलेलं हे रुक्ष काम. आम्ही नादिष्ट लोक ते रात्री झोपताना वाचतो. त्याच्या जोडीला जुना फोटो मिळाला तर दुधात साखर, फक्त तो बाजूचा हवा आणि तारीख वाचता येणारा हवा. डब्यावर बांधणीचा महिना-साल लिहिलेलं असतं, पुन्हा वजन केल्याची तारीखही असते. फोटो कधीचा याचा अदमास त्यावरून लागतो.

निभावून नेण्यासारख्या गोष्टींत पहिली म्हणजे ब्रेक. जुन्या के ब्रेकमध्ये सिलिंडर आणि हवेची टाकी एकाला एक चिकटलेली, डब्याच्या पोटाखाली एकच ठोकळा दिसतो. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी ब्रेक आले. त्यात सिलिंडर वेगळा, टाकी वेगळी, झडपेचा गठ्ठा वेगळा, आणि तिघांना जोडणाऱ्या नळ्या. किटमध्ये चुकीचा ब्रेक आला तर तो कापून दुसरा बसवता येतो, संध्याकाळभराचं काम. छपरावरून चालायची फळीही तशीच. ब्रेकवाले पूर्वी धावत्या गाडीच्या छपरावरून जायचे म्हणून ती असायची. १९६६ पासून नव्या डब्यांना तिची गरज उरली नाही. सत्तरच्या दशकातल्या नव्या डब्यावर ती फळी असेल तर सरळ उपटायची.

शिड्या आणि चढताना धरायच्या दांड्या यांत मात्र वेळ जातो. किटमध्ये त्या भिंतीलाच चिकटून ओतलेल्या असतात. नव्या ब्लेडनं एकेक तासून काढायची, शेजारचे रिवेट न उडवता. मग केसासारख्या ड्रिलनं बोटाच्या चिमटीत फिरवत दोन भोकं, पितळी तारेचा तुकडा दोन्हीकडून काटकोनात वाकवून त्यात, आणि आतून डिंकाचा थेंब. दांडी भिंतीपासून किती सुटी राहिली हे बघायला मी मध्ये कागदाचा कपटा सरकवतो. हे करताना घरातल्यांनी जिन्यावरून धावू नये एवढीच अपेक्षा असते, आणि ती पुरी होत नाही.

खरी वाघीण, म्हणजे आपल्या रेल्वेचा मालडबा, बघायला मी जेतलपूरच्या पुलावर जातो. खालून मालगाडी जाते तेव्हा छप्परं दिसतात, जी फोटोत क्वचितच मिळतात. कोयलीची रिफायनरी जवळ, त्यामुळे टाकीच्या बीटीपीएन वाघिणी भरपूर. शिवाय कोळशाच्या उघड्या बॉक्सएन आणि धान्य-खताच्या बंद बीसीएन. फलाटावरून बघितलं तर नंबर वाचता येतो. आपल्या वाघिणीचा नंबर अकरा आकडी: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या सालाचे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबानं काढलेला असतो, टिपताना घोटाळा झाला तर पकडता यावा म्हणून. म्हणजे किटच्या खोक्यावर जे साल शोधून डोकं पिकतं, ते इथं अंगावर लिहिलेलंच असतं. आणि एकाच गाडीत पश्चिम, पूर्व, दक्षिण सगळ्या रेल्वेच्या वाघिणी एकत्र. अमेरिकेतही बॉक्सकार असेच देशभर भटकायचे, म्हणून एका कंपनीची गाडी मांडतानाही परक्या कंपन्यांचे डबे मिसळावे लागतात. फक्त स्वतःच्याच नावाचे डबे लावलेली गाडी बघितली की समजावं, मांडणाऱ्यानं फक्त इंजिनाचा अभ्यास केलाय.

मग आपलीच बॉक्सएन का नाही करत, असं कुणीही विचारेल. तिची लांबी कपलरसकट १०,७१३ मिलीमीटर, म्हणजे टेबलावर सव्वाबारा सेंटीमीटरच्या आसपास, तिथवर ठीक. घोडं पेंड खातं ते रुळांत. एचओच्या दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलीमीटर, ते परदेशी १,४३५ मिलीमीटरच्या गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १,६७६. सत्त्याऐंशीनं भागा, सव्वाएकोणीस येतात. बॉक्सएन त्या रुळांवर ठेवली की वरचं अंग बरोबर आणि पाय आखडलेले. पुष्कळ जण ते चालवून घेतात, आणि त्यांचं चूक नाही, पण माझ्या यादीत ही नाडीच आहे.

आमच्या वाड्यातले नाना रेल्वेत टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे, होते. उभ्या गाडीच्या कडेनं हातोडी घेऊन चाकं वाजवत जायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. माझे डबे ते एरवी लांबूनच बघायचे. मध्ये एकदा एका बॉक्सकारची बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, मी रंगवून वाळत ठेवली होती, ती त्यांनी उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्याजवळ नेली.

"अरे, हा तर आपला कॅसनब!"

"नाना, ही अमेरिकेची आहे. सन चाळीसच्या सुमाराची."

"असू दे की. बाजूच्या फ्रेमा दोन, मध्ये बोल्स्टर एक, स्प्रिंगांचा जुडगा. ओतीव काम. हे मला नको सांगूस."

त्यांचं बरोबर होतं. बॉक्सएनच्या खाली असते ती कॅसनब बोगी तीन ओतीव भागांचीच, आणि अमेरिकन मालडब्यांची रीतही तीच. मग नानांनी डबा उलटा केला, ब्रेकच्या नळ्या बोटानं मोजल्या आणि विचारलं, "एम्प्टी-लोडचा दांडा कुठाय?" तो बॉक्सएनला असतो, वाघीण रिकामी की भरलेली त्याप्रमाणे ब्रेकचा जोर बदलायला, या डब्याला नव्हता, असं सांगितल्यावर त्यांनी अमेरिकेबद्दल थोडी नापसंती दर्शवली.

तेव्हापासून ते वरचेवर येतात, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी एक कल्पना काढली जिच्यावर मी अजून विचार करतोय. खंडेराव गायकवाडांनी १८६२ साली डभोई-मियागाम रेल्वे घातली, तिचे डबे सुरुवातीला बैल ओढायचे, ती नॅरोगेज. अडीच फुटांची, ७६२ मिलीमीटर. सत्त्याऐंशीनं भागल्यावर पावणेनऊ येतात, आणि बाजारात नऊ मिलीमीटरचे तयार रूळ मिळतात. पाव मिलीमीटर मी सोडून द्यायला तयार आहे.

"पण नाना, डभोईच्या मालडब्याचं किट कुठं मिळणार?"

"किट कशाला? प्रतापनगरच्या संग्रहालयात नॅरोगेजचं काही ना काही उभं असेल. आपण मापं घेऊ. टेप तू आण, चाळीस फुटी. आणि वही. तुझ्या त्या रजिस्टरात आपण सापडणार नाही."

रविवारी जायचं ठरलंय. नाना म्हणतात, सकाळी लवकर, उन्हात पत्रा तापला की हात लावू देत नाही.