चोविसावा दिवस

रविवार, रात्र. सहकारनगर

आज पहाटे लेकीनंच मला उठवलं. "आई, चल ना, उजाडलं." तळजाईच्या टेकडीवर पोचलो तेव्हा मोर ओरडत होते. ती पुढे, मी मागे. परतताना कणसं खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी खूप बोललो.

जूनमध्ये असं नव्हतं. नववी, सकाळी सव्वासातची शाळा, संध्याकाळी क्लास आणि रात्री साडेबारापर्यंत पांघरुणात फोनचा उजेड. मी चिडून तिच्या फोनला पालकांसाठीचं कुलूप घातलं. दहा वाजले की फोन बंद. चार दिवसांत तिनं त्यातून पळवाट काढली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. ते कुलूप मी काढलं, आणि बरं केलं. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की ती सवय लावत नाही, लपवायला शिकते.

मग तिनं मैत्रिणींबरोबर स्वतःच एक ॲप घेतलं. पाणी, टेकडी, साडेदहाला झोप; जे केलं त्यावर रोज बरोबरची खूण, आणि सलग दिवसांची साखळी मोजणारा आकडा. सलग २३ दिवस झाले. चोविसाव्या दिवशी घरी गौरी आल्या, पाहुण्यांनी घर भरलं, झोपायला एक वाजला. सकाळी आकडा शून्यावर. ती रडली आणि ॲप काढून टाकलं. "सगळं गेलं, आता काय उपयोग?"

त्या शून्यानं माझ्या पोटात कालवलं. २३ दिवस ती टेकडी चढली होती. ते कुठे गेले?

त्या रात्री मी वाचत बसले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास सापडला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात; कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा त्यांचा अंदाज. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. मी तिला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मग मला शून्य कशाला दिलं?"

आता आमची एक साधी गूगल शीट आहे, दोघींची मिळून. त्यात साखळी नाही, नुसते महिन्याचे रकाने, दिवसाला एक. निम्म्याहून जास्त भरले की महिना चांगला गेला, हा नियम तिचा. माझेही रकाने आहेत, हेही तिनंच ठरवलं. माझ्या रात्रीच्या फोनचे तास ती विचारते आणि मला खरे सांगावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना तिच्या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगते. सुट्टीच्या दिवशी टेकडी आणि क्लासपर्यंतची सायकल धरली की ती भरतात. शाळेच्या दिवशी भरत नाहीत, तेही ती लिहिते.

कॅलरी मोजायचं ॲप मात्र मी ठामपणे नको म्हटलं. मध्यंतरी ती रात्रीची पोळी टाळायला लागली होती. विचारल्यावर फोनमधला लाल आकडा दाखवला. वाढत्या वयात पानातला घास हिशेबाचा होऊ नये. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो, आणि ते ॲप तिनं आपल्या हातानं काढलं.

झोपेचं गणित अजून सुटत नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. तिला दहाला झोप येत नाही तो आळस नाही, तिचं वय आहे. आठ ते दहा तास झोप हवी आणि सहाला उठायचं, तर कशी पुरणार? राज्य सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका म्हणून सांगितलं. नववीच्या मुलांचा विचार कुणी करेल का, असं मनापासून वाटतं. तोवर आम्ही एवढंच करतो: साडेनऊला तिचा फोन आपोआप काळा-पांढरा होतो, ती सेटिंग तिनंच लावली. दहाला तो हॉलमधल्या चार्जरला. गजरासाठी लक्ष्मी रोडवरून साधं घड्याळ आणलंय.

या महिन्यात तिचे १९ रकाने भरलेत, माझे ११. तिचा फोन केव्हाच हॉलमध्ये पोचलाय. माझाही ठेवून येते.