काणकोणच्या स्विचचा पत्ता

आमच्या संस्थेचे कार्यालय पणजीत आणि शाखा काणकोणला. तिथल्या नेटवर्क स्विचचे, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचे, एखादे पोर्ट (केबल लावायची जागा) बंद करून पुन्हा चालू करायचे झाले, तरी भर पावसात करमल घाट ओलांडून जावे लागे. म्हणून स्विचला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देऊन तो पणजीतूनच हाताळायचे मी ठरवले.

पत्ते वाटणाऱ्या विभागाने माझा अर्ज पहिल्यांदा परत केला, तो 'स्विच चालू असताना पत्ता कशासाठी?' असा शेरा मारून. स्विच आपले रोजचे काम मॅक पत्त्यांवर (उपकरणांच्या नेटवर्क कार्डांच्या मूळ क्रमांकांवर) करतो, त्याला आयपी लागतो तो केवळ आपण त्याच्याशी बोलावे म्हणून, हे समजावण्यात माझा आठवडा गेला. दुसऱ्या खेपेस १९२.१६८.४०.१२० हा पत्ता मिळाला, पण तो डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेच्या, १०० ते २०० या वाटपातलाच निघाला आणि चौथ्या दिवशी एका लॅपटॉपलाही तोच मिळाल्याने स्विचशी संपर्क तुटू लागला. तिसऱ्या अर्जात मी व्यवस्थापनासाठी स्वतंत्र व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) आणि त्याचे वेगळे सबनेट (पत्त्यांचा गट) मागितले. खरे तर हे मी पहिल्याच दिवशी मागायला हवे होते. ते मिळाले, तरी काणकोणहून पिंगला (संपर्क तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर येई आणि पणजीहून येत नसे. दोन दिवस मी केबल आणि फायरवॉल तपासत बसलो. कारण एवढेच होते की स्विचला डीफॉल्ट गेटवे, म्हणजे सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, दिलेला नव्हता, त्यामुळे दुसऱ्या सबनेटला उत्तर कोणत्या वाटेने पाठवायचे हे त्याला ठाऊक नव्हते. आणि गेटवे दिलेला नव्हता, कारण विभागाच्या अर्जात त्याचा रकानाच नाही. या एका रकान्यापायी मला घाटातून आणखी एक खेप करावी लागली, याचा राग अजून गेलेला नाही.

एसएसएच (दुरून सुरक्षितपणे आदेश देण्याची सोय) लावणे तासाभरात झाले. टेलनेट ही तशीच जुनी सोय मात्र बंदच ठेवा, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. आधी सांगायचे राहिले: नवा व्हीलॅन ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) चालू केल्याशिवाय यातले काहीच चालत नाही. तसेच दुरून बदल करण्यापूर्वी, सोय असल्यास, दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल असा आदेश देऊन ठेवा. जोडणी तुटली तर तो जुन्या जतन केलेल्या मांडणीवर (कॉन्फिगरेशनवर) परततो. टिकली तर आदेश रद्द करून मगच नवी मांडणी जतन करा.

रकाना वाढवण्याची लेखी विनंती मी केली आहे. तोवर शेऱ्याच्या जागेत गेटवे आणि सबनेट मास्क (सबनेट किती मोठे ते सांगणारा आकडा) स्वतः लिहून मागा.