मुक्तिनाथ : दर्शन सोपे, विमान अवघड

नेपाळमधील मुस्तांग जिल्ह्यातल्या मुक्तिनाथाचे दर्शन आईला घडवायचे, हे फार वर्षांपासून मनात होते. वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांत, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांत, गणले जाणारे हे क्षेत्र सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. काठमांडू आणि पोखरा येथपर्यंतचा प्रवास सुरळीत झाला. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवानाही पोखऱ्यातच विनासायास मिळाला.

आम्ही अडकलो ते पोखऱ्याहून मुक्तिनाथाजवळच्या जोमसोमला जाणाऱ्या विमानापाशी. हे उड्डाण जेमतेम पाऊण तासाच्या आतले आहे, पण धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्यामधून वाहणाऱ्या काली गंडकीच्या खोऱ्यात ऊन चढले की दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो, आणि म्हणून जोमसोमची विमाने सकाळीच उडतात. दुपार जवळ आली की त्या दिवसाची आशा सोडावी लागते. हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक होते. मात्र विमान कंपनीच्या खिडकीवरचे कर्मचारी भर दुपारपर्यंत ‘हवामान सुधारत आहे, थोडे थांबा’ एवढेच सांगत राहिले. आमच्या पिशव्यांचे वजन झाले होते, त्यांच्या मुठींना जोमसोमच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या आणि आई पहाटेपासून उपाशी बसली होती. उड्डाण रद्द झाल्याचे अखेर जाहीर झाले, तेव्हा त्या दिवशी जीपने निघण्याची वेळही टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी हाच प्रकार पुन्हा घडला. वाऱ्यावर कोणाचाच ताबा नसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु विमान उडणार नाही हे स्पष्ट दिसत असताना वृद्ध यात्रेकरूंना ताटकळत ठेवणे मला आजही अक्षम्य वाटते. म्हणून सांगतो, दहा वाजले की खिडकीवर ठाम उत्तर मागा आणि ते मिळाले नाही, तर सरळ जीप ठरवा.

आम्ही शेवटी तेच केले. बेनी, तातोपानी, घासा असा तो रस्ता दिवसभर हाडे खिळखिळी करतो, पण उंची हळूहळू वाढत असल्यामुळे आईला विरळ हवेचा त्रास झाला नाही. विमानाने गेलात, तरी जोमसोम किंवा कागबेनी येथे एक मुक्काम अवश्य करा.

गाडी राणीपौवापर्यंत जाते आणि पुढच्या चढणीसाठी घोडे मिळतात. देवळामागे अर्धवर्तुळात १०८ धारा आहेत. आईने स्नानाचा हट्ट सोडला, मात्र प्रत्येक धारेखाली हात धरून ते पाणी डोक्याला लावल्याशिवाय ती पुढे सरकली नाही. शेवटी शेवटी तिची बोटे लाल होऊन आखडली होती. येथे बौद्ध भिक्षुणीही सेवेत असतात आणि दोन्ही धर्मांचे लोक एकाच भक्तिभावाने येतात, हे पाहून फार समाधान वाटले. ज्वालामाईच्या मंदिरात भूगर्भातील वायूवर तेवणारी ज्योतही चुकवू नये.

कागदपत्रांचे सांगायचे राहिले. विमानाने नेपाळला जाताना पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. १५ ते ६५ या वयोगटातील प्रवाशांना आधार कार्ड चालत नाही. आणि जोमसोमचे उड्डाण रद्द झाले, तर तसे लेखी घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण आमच्या तिकिटांचे पैसे परत मिळवताना पहिली मागणी त्याच कागदाची झाली.