ताप उतरला, पण...

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आज नुसती धावपळ. धाकटे भावजी रोज आखाड्यात जाणारे, त्यांना कोरोना झालेला. 'वहिनी, ताप उतरला, आता काय!' म्हणत मोबाइल बघत बसलेले. पण बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या ऑक्सिमीटरवर 95 टक्के. घरातच सहा मिनिटं चालायला लावलं, तर 90! आणि वर म्हणतात, दम कुठे लागलाय? इथेच हा कोरोना दगा देतो. ऑक्सिजन घटला तरी धाप जाणवेलच असं नाही, आणि तरुण शरीर बरंच रेटून नेतं. पहिला आठवडा सरताना जास्त जपा, 94 च्या खाली गेलं की लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलेलंच होतं. कळवलं. आता ऑक्सिजनवर आहेत, तरी सेव उसळ मागतायत! आणि हो, नखांना नेलपॉलिश असेल तर आधी पुसा, आकडा चुकू शकतो.