जुव्याची लढाई पटावर: आधी ओहोटी, मग सैन्य

लढाईचा पट, म्हणजे ती लढाई सोंगट्यांनी खेळायचा खेळ, करायला घेतला की पहिला मोह होतो तो सैन्याचे आकडे जमवण्याचा. ते नंतर. आधी ठरवायचं ते हे, की त्या दिवशी घड्याळ कुणाच्या बाजूने होतं. वॉटर्लूच्या पटात हे घड्याळ म्हणजे प्रशियन फौज. 18 जून 1815 ला दुपारी साडेचारच्या सुमारास ती प्लान्सन्वा गावाच्या बाजूने भिडते, आणि तोवर वेलिंग्टनला फोडायचं ही नेपोलियनच्या खेळाडूची सगळी धडपड. आपल्या जुव्याच्या, म्हणजे गोव्यातल्या मांडवी नदीतल्या बेटाच्या, लढाईत तेच काम मांडवीचं पाणी करतं.

नोव्हेंबर 1683. फोंड्याच्या कोटाला वेढा घालून बसलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर, संभाजीराजे धावून आल्यावर मागे हटला. 24 तारखेच्या रात्री ओहोटी साधून मराठ्यांनी जुव्याचा कोट घेतला. दुसऱ्या दिवशी बेट परत घ्यायला आलेला व्हाइसरॉय जखमी होऊन जेमतेम निसटला.

एक खेळी म्हणजे अर्धा तास धरा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. दर्यावर्दींचा बारा भागांचा ठोकताळा इथे नेमका उपयोगी पडतो: पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी पुन्हा एक. म्हणजे पूर्ण ओहोटीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास पाणी जवळपास स्थिर असतं. त्या चार खेळ्या उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा, मोकळा. त्यांच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन खेळ्या चिखल, चाल दुप्पट महाग. बाकी वेळ उतार बंद, फक्त होड्या. पाणी एकसारखं उतरतं असं धरलं तर उतार हळूहळू बंद होतो आणि खेळाडू आरामात माघार घेतो. मग जुव्याची लढाई उरतच नाही.

नकाशा आजच्या उपग्रहचित्रावरून काढलात तर पूल आणि डांबरी रस्ते आधी पुसा. खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतांचे, बांध मात्र ठेवा, जीव तिथेच आहे. बांध ही वाट, पण अरुंद: एका घरात एकच सोंगटी, आणि मागे हटणाऱ्याच्या पाठीमागे आपलीच सोंगटी असेल तर दोघांचंही बळ एका पायरीने घटतं. शेतात उतरलं की चिखलाचा नियम. 20 मिलिमीटरचा षटकोन म्हणजे 150 मीटर असं प्रमाण ठेवलं की ए-थ्रीचे दोन कागद जोडून बेट आणि समोरचा काठ बसतो.

सगळ्यात अवघड अडचण म्हणजे दोन्ही खेळाडूंना इतिहास पाठ असतो. पोर्तुगीज बाजू पहिल्याच खेळीला उतारावर पहारा बसवते. त्यावर माझ्या मते एकच चांगला उपाय: ओहोटीची वेळ तीन पत्त्यांतून मराठा खेळाडूने गुपचूप काढायची, आणि त्याच्या निम्म्या सोंगट्या कोऱ्या, म्हणजे नुसत्या हुलकावणीच्या ठेवायच्या. संगणकावरच्या खेळात न दिसणारा शत्रू आपोआप लपतो, ती सोय मोठीच. पण तिथे निकाल कुठून आला ते कळत नाही. पटावर फासा आणि तक्ता दोन्ही डोळ्यांसमोर असतात.

विजयाचे गुण बेटासाठी कमी आणि पाण्यापलीकडे परत न गेलेल्या पोर्तुगीज सोंगट्यांसाठी जास्त द्या. व्हाइसरॉयची सोंगटी पकडली तर खेळ तिथेच संपला.

सोंगट्यांसाठी 2 मिलिमीटरचा राखाडी बाइंडिंग पुठ्ठा घ्या, 15 मिलिमीटरचे चौकोन. पावसाळ्यात गोव्यात एकाच बाजूला कागद चिकटवलेला पुठ्ठा हमखास वाकतो, कारण फेविकॉलमधलं पाणी सुकताना कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. म्हणून दोन्ही बाजूंना कागद लावा, पातळ हात द्या, आणि चोवीस तास जड पुस्तकांखाली ठेवा. छपाई लेझरची, इंकजेटची शाई दमट बोटांना लागते. कापताना पोलादी पट्टीवरून कटर पाच-सहा वेळा हलका फिरवा. एकदाच जोर दिलात तर कडा दबते आणि थर सुटतात. कोपरे नेलकटरने किंचित उडवले की सोंगट्या एकमेकींत अडकत नाहीत. पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. नाहीतर गणपतीपर्यंत पटावर बुरशीचे ठिपके दिसतील, आणि ते नेमके नदीच्या निळ्या रंगावर आधी उठून दिसतात.