ज्या रस्त्यांची गाणी, त्याच रस्त्यांवर: चुओ महामार्गापासून शोनानच्या किनाऱ्यापर्यंत

जपानी पॉप संगीतातली काही अतिशय सुंदर गाणी मोटारीच्या लांब प्रवासासाठीच जन्माला आली आहेत, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. त्यांतली काही तर एखाद्या ठरावीक रस्त्याचीच आहेत, आणि ती त्या रस्त्यावरून जाताना ऐकावीत एवढ्याच इच्छेने मी गेल्या शरद ऋतूत जपानचा प्रवास केला. योकोहामात माझे मावसभाऊ आणि वहिनी बरीच वर्षे राहतात. दादांना या संगीताचे वेड माझ्याहून जुने आहे आणि त्यांच्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर अजून उत्तम चालतो, त्यामुळे गाडी त्यांनी चालवायची आणि गाण्यांचा क्रम मी ठरवायचा, अशी वाटणी आपोआप झाली.

पहिला मान चुओ महामार्गाचा होता. युमी अराई या गायिकेचे ‘चुओ फ्रीवे’ हे गाणे १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चौदाव्या रात्रीचा चंद्र’ या अर्थाच्या नावाच्या अल्बममध्ये आहे. तोक्योतून पश्चिमेकडे जाणाऱ्या या मार्गाचा चोफू ते हाचिओजी हा टप्पा १९६७ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला होता, परंतु ताकाइदो ते चोफू हा मधला तुकडा पूर्ण होऊन मार्ग शहराच्या द्रुतगती रस्त्यांना जोडला गेला तो १९७६ च्या मे महिन्यात. म्हणजे राजधानीच्या मध्यातून गाडी काढून विनाथांबा पश्चिमेच्या डोंगरांकडे जाण्याची सोय झाली, त्याच वर्षी हे गाणे आले. युमी अराई मूळच्या हाचिओजीच्या, तिथल्या किमोनोच्या पेढीवाल्यांच्या कन्या. त्यांचे भावी पती आणि संगीत संयोजक मासाताका मात्सुतोया त्यांना रात्री याच रस्त्याने घरी सोडत असत आणि त्यातूनच हे गाणे सुचले, असे सांगितले जाते. त्याच नोव्हेंबरात दोघांचा विवाह झाला आणि माहेरच्या नावाने काढलेला त्यांचा हा शेवटचा अल्बम ठरला.

शिंजुकूहून आम्ही संध्याकाळ उलटल्यावर निघालो, कारण हे गाणे उतरत्या सांजेपासून रात्रीपर्यंतचे आहे. चोफू मागे पडताना मी ते सुरू केले. गाण्यात आधी चोफूचा लष्करी तळ येतो. अमेरिकी सैन्याच्या ताब्यातली ती जमीन सत्तरच्या दशकात परत मिळाली आणि आज तिथे मोठे क्रीडांगण उभे आहे. मग उजव्या हाताला घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आणि डाव्या हाताला बिअरचा कारखाना, असे गायिका सांगते. फुचूचे शर्यतीचे मैदान १९३३ पासून तिथे आहे आणि सनतोरी कंपनीचा मुसाशिनो कारखाना १९६३ पासून. ही दोन्ही ठिकाणे याच क्रमाने, याच बाजूंना समोर येतात, आणि मागे बसलेल्या वहिनी तर मान वळवायला आधीच तयार होत्या! खुणा दिसून जातात तो क्षण फार छोटा असतो, पण या गाण्याची खरी ताकद खुणांत नाही, सुरावटीत आहे. तिचे स्वर एका जागी ठरत नाहीत, सारखे सरकत राहतात, आणि ताशी ८० किलोमीटरच्या संथ, एकसारख्या वेगाशी ते इतके जुळतात की रस्ता धावपट्टीसारखा रात्रीच्या आकाशात शिरतो आहे ही गाण्यातली कल्पना काचेबाहेर खरीच घडत आहे असे वाटते. हाचिओजीपर्यंत आम्ही ते गाणे पुन्हा पुन्हा लावले.

दुसऱ्या प्रवासाची सुरुवात योकोहामातल्या नेगिशीच्या टेकडीवरून केली. तिथे ‘डॉल्फिन’ नावाचे उपाहारगृह आहे. सोड्याच्या पेल्यातून दूरच्या समुद्रावरचे मालवाहू जहाज सरकताना दिसते, ही युमी अराईंच्या १९७४ मधल्या गाण्यातली ओळ याच जागेची. आम्ही सोडा प्यायलो आणि कामाकुराकडे निघालो.

कामाकुरापासून पश्चिमेला समुद्राला लागून जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक १३४ हा माझ्या मते जपानी गाण्यांचा सर्वांत श्रीमंत रस्ता आहे. जपानमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना समुद्र थेट आपल्या बाजूला येतो आणि मध्ये समोरून येणाऱ्या वाहनांचा अडथळा राहत नाही. उजवीकडे काही अंतर एनोदेन ही छोटी रेल्वे सोबत करते. शोनान म्हणून ओळखला जाणारा हा किनारी प्रदेश सदर्न ऑल स्टार्स या बँडचा आहे. त्याचे गायक आणि गीतकार केइसुके कुवाता इथल्याच चिगासाकी गावचे. १९७८ च्या जूनमधल्या पदार्पणाच्या गाण्यातच त्यांनी वाळूत माखलेल्या चिगासाकीचे नाव घेतले, आणि एनोशिमा बेट दिसू लागले म्हणजे आपले घरही जवळ आले, असे म्हटले. शिचिरिगाहामाचे वळण घेताना ते बेट समोर उभे राहते, तेव्हा त्या शब्दांमागचा घरी परतणाऱ्या मुलाचा उतावीळपणा मनाला भिडतो.

तरीही या रस्त्यावर मला एकच गाणे निवडायला सांगितले, तर मी ‘किबो नो वादाची’ निवडेन. कुवातांनी १९९० साली स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटासाठी ते लिहिले, आणि तो चित्रपट ज्या इनामुरागासाकीच्या किनाऱ्यावर घडतो, तो याच रस्त्यावर आहे. पियानोची सुरुवात, मग ढोलांची जोड, आणि हळूहळू मोकळा होत जाणारा आवाज. चिगासाकीच्या किनाऱ्यासमोरचा एबोशी खडक लांबूनही ओळखू येतो आणि गाण्यातही त्या किनारी रस्त्याचा उल्लेख आहे. या गावाने गाण्याला मनापासून आपले मानले आहे: रेल्वे स्थानकावर २०१४ पासून गाडी सुटताना त्याचीच धून वाजते आणि समुद्राकडे जाणाऱ्या एका रस्त्याला बँडचे नाव दिलेले आहे. ज्या कलावंताने गावाचे नाव देशभर पोहोचवले, त्याचा गावाने असा रोजच्या जगण्यात मान राखावा, याचा मला फार आनंद झाला. उन्हाळ्यात या रस्त्यावर वाहनांची भयंकर कोंडी होते, तेव्हा शरद ऋतूतली सकाळ निवडावी. हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वतही समोर दिसतो.

ओइसोच्या पुढे ओदावारापर्यंत समुद्राकाठचा सरळ मार्ग लागला आणि तिथे आम्ही गायक तात्सुरो यामाशितांची सीडी लावली. १९८० चे ‘राइड ऑन टाइम’ हे गाणे घराघरांत पोहोचले ते कॅसेटच्या जाहिरातीतून, आणि हा योगायोग मला बोलका वाटतो. गाडीत कॅसेट प्लेअर असणे तेव्हा तरुणांना परवडू लागले होते, आपली आवडती गाणी भरून कॅसेट तयार करायची आणि समुद्राकडे निघायचे अशी रीत पडली होती, आणि आज ज्याला सिटी पॉप म्हणतात ते संगीत या श्रोत्यांसाठीच घडत होते. १९८२ च्या ‘स्पार्कल’मधली गिटारची पहिली फेक ऐकली की उजव्या पायाला आवर घालावा लागतो, असे दादा म्हणाले. आपली गाणी स्ट्रीमिंगवर बहुधा कधीच देणार नाही, असे यामाशितांनी २०२२ साली सांगितले होते. या प्रवासाला निघणाऱ्यांनी योकोहामातल्या किंवा तोक्योतल्या जुन्या सीडींच्या दुकानांत आधी चक्कर मारावी.

परतीच्या विमानासाठी हानेदाला जाताना आम्ही रात्री उपसागराच्या काठाचा द्रुतगती मार्ग धरला. योकोहामाच्या बे ब्रिजवरून दोन्ही बाजूंना बंदराचे दिवे पसरलेले असतात, आणि तिथे मिकी मात्सुबारांचे ‘मायोनाका नो दोआ’ लावावे. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये ते आले, तेव्हा गायिका अवघ्या १९ वर्षांची होती. २०२० मध्ये ते जगभरच्या तरुण श्रोत्यांनी उचलून धरले, पण ते पाहायला त्या नव्हत्या. २००४ मध्येच त्यांचे निधन झाले होते. पुलावरून खाली उतरून कावासाकीचे कारखाने सुरू झाले की मारिया ताकेउचींचे १९८४ चे ‘प्लास्टिक लव्ह’ घ्यावे. या दोन गाण्यांचा क्रम उलटा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्सुबारांचा आर्त स्वर उघड्या पाण्यावर खुलतो. ताकेउचींच्या गाण्यातला दुखावलेला, सावध अलिप्तपणा बोगद्यांतल्या नारिंगी दिव्यांखाली अधिक खरा वाटतो, आणि ते तामा नदीखालच्या बोगद्यापर्यंत पुरते.