रसाची वाटी आणि आंब्याची फोड

वडिलांना मधुमेह झाल्यापासून अक्षय्य तृतीयेच्या पंगतीत आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. फळातली साखर नैसर्गिक असते, ती बाधत नाही, असे त्यांचे म्हणणे. तर आंबा म्हणजे विषच, असे आईचे. मला दोन्ही पटत नाही.

आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते आणि तिच्यातला निम्म्याच्या आसपास भाग सुक्रोजचा, म्हणजे आपण चहात घालतो त्याच साखरेचा असतो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दाने फारशी सवलत मिळत नाही. खरा फरक पडतो तो फळ कसे आणि किती खाल्ले यामुळे. फोडी करून खाताना एका आंब्यावर थांबणारा माणूस रसाच्या तीन वाट्या सहज संपवतो, आणि त्यांत वरून चमचाभरही साखर घातलेली नसली तरी साठ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. पुऱ्यांचा भार निराळाच. फोड चावावी लागते, तिच्यातला चोथा शाबूत असतो, म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते. (चोथ्याच्या बाबतीत पेरू आंब्याच्या कितीतरी पुढे आहे, पण पेरूसाठी आमच्या घरी कोणी भांडत नाही.) हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासातही द्राक्षे, सफरचंद यांसारखी अखंड फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस पिणाऱ्यांत तो जास्त आढळला होता.

गेल्या वर्षी आम्ही घरच्या ग्लुकोमीटरवर पडताळा घेतला. रस-पुरीनंतर दोन तासांनी वडिलांची साखर २५८ होती. आठवड्याने, दुपारी चारला मूठभर शेंगदाण्यांबरोबर अर्ध्या आंब्याच्या फोडी खाल्ल्यावर ती १६४ भरली. हा एकाच माणसाचा अनुभव आहे. ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम मर्यादेत ठेवावे लागते, त्यांचे फळांचे गणित वेगळे असते आणि ते डॉक्टरांकडूनच मांडून घ्यावे.

यंदा अर्धा आंबा, तोही जेवणाबरोबर नव्हे, यावर तह झाला आहे. बाठा मात्र या हिशेबात धरायचा नाही, असे वडिलांनी परस्पर ठरवून टाकले आहे.